गोगलगायीचा शत्रू आयात करण्याआधी

ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ नंतर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या उघड्यावर टाकायला बंदी आहे. शंखाच्या आणि बिनशंखाच्या गोगलगायी मारण्यासाठी जगभर कित्येक दशकं वापरात असलेलं हे विष. बंदी सरळसोट आली नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ती पहिल्यांदा जाहीर झाली, २०१९ मध्ये न्यायालयात टिकली नाही आणि सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा जाहीर करावी लागली. सरकारने दिलेलं कारण होतं पक्ष्यांना आणि सस्तन प्राण्यांना असलेला धोका. पाण्याचा प्रश्न त्याच्याही आधीपासून धुमसत होता. पावसाबरोबर हे रसायन ओढ्यानाल्यांत उतरतं आणि पाणी शुद्ध करताना कार्बनच्या नेहमीच्या गाळण्यांना दाद देत नाही.

विष गेलं, पण गोगलगायी गेल्या नाहीत. एका रात्रीत वाफ्यातली कोवळी रोपं जमिनीलगत कुरतडून टाकणारा हा जीव आहे, आणि ज्याचं पीक जातं त्याला कायद्याची कारणं सांगून समाधान होत नाही. त्याच्यापुढे आज मुख्यतः दोन वाटा आहेत. एक फेरिक फॉस्फेट या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांची. दुसरी गोगलगायीच्या अंगात शिरून तिला मारणाऱ्या सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या दोऱ्यासारख्या बारीक कृमींची; कीड आवरायला दुसरा जीव वापरण्याची, म्हणजे जैविक नियंत्रणाची. या दुसऱ्या वाटेकडे अनेक देश आता आशेने पाहत आहेत आणि तिच्याबद्दल बोलताना लोक पटकन दोन टोकं गाठतात. काहींना हा सूत्रकृमी निसर्गाचा प्रसाद वाटतो, तर काहींना बाटलीत भरलेली रोगराई.

हे सूत्रकृमी वापरले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. मात्र ते जिथे वापरायचे तिथल्याच मातीत शोधलेले असावेत, तिथल्या निरुपद्रवी गोगलगायींवर तपासलेले असावेत, आणि शोधण्या-तपासण्याचं हे काम सार्वजनिक पैशाने, सर्वांना दिसेल असं व्हावं. ‘नैसर्गिक आहे’ एवढ्या भांडवलावर कुठल्याही देशाने परका जीव आपल्या मातीत सोडू नये.

आधी हा प्राणी नेमका काय करतो ते पाहू, कारण या वादातले निम्मे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

फॅस्मारॅब्डायटिस हर्माफ्रोडिटा असं त्याचं भलंमोठं नाव. त्याचं पहिलं वर्णन १८५९ मधलं, जर्मनीतलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं त्याचा शेतीला काही उपयोग होईल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रात मायकेल विल्सन, डेव्हिड ग्लेन आणि त्यांचे सहकारी आजारी गोगलगायींच्या मागे लागले, आणि १९९३ मध्ये त्यांनी हा सूत्रकृमी गोगलगायींवर उपाय ठरू शकतो असं प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, ‘नेमास्लग’ या नावाने तो बाजारात आला.

मातीत तो अळीच्या एका खास अवस्थेत राहतो. लांबी एक मिलिमीटरच्या आसपास. या अवस्थेत तो काही खात नाही, वाढतही नाही. अंगातल्या चरबीवर तग धरून असतो. गोगलगायीच्या चिकट स्रावाचा किंवा विष्ठेचा माग लागला की तिकडे सरकतो. बिनशंखी गोगलगायीच्या पाठीवर पुढच्या बाजूला कातडीचं एक जाड आवरण असतं. या आवरणाच्या मागच्या भागात एक बारीकशी वाट असते, तिथून हा आत घुसतो. आत एक छोटी पोकळी आहे. गोगलगायीच्या पूर्वजांना जो शंख होता त्याचा उरलासुरला तुकडा याच पोकळीत असतो. सूत्रकृमी इथे वाढतो आणि नराची गरज न पडता अंडी घालू लागतो. काही दिवसांत आवरणाचा मागचा भाग फुगून वर येतो, आणि हेच या संसर्गाचं ठळक लक्षण. अशी गोगलगाय हातात घेऊन भिंगाखाली धरली तर फुगलेल्या भागाची कातडी ताणून पातळ झालेली दिसते.

मरायला तिला एक ते तीन आठवडे लागतात. पण खाणं त्याआधीच मंदावतं, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. मेल्यावर सूत्रकृमी तिच्या सगळ्या शरीरात पसरतात, मृतदेह खाऊन संपवतात आणि नवी पिढी पुन्हा मातीत उतरते.

यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे हा उपाय लोकांच्या मनात बसत नाही. संसर्ग झालेली गोगलगाय बहुतेक वेळा जमिनीत खाली जाऊन मरते. विषाच्या गोळ्या टाकल्या की सकाळी वाफ्यात चिकट डाग आणि मेलेल्या गोगलगायी पडलेल्या दिसतात, पैसे वसूल झाल्याचं समाधान मिळतं. सूत्रकृमी टाकणाऱ्याला सकाळी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग चौथ्या दिवशी ‘हे काही खरं नाही’ म्हणून तो गोळ्यांचं पाकीट उघडतो. हा उपाय चालला की नाही हे मेलेल्या गोगलगायी मोजून कळत नाही, पानांवरची भोकं मोजून कळतं. विकणाऱ्याने आणि शेतीसल्ला देणाऱ्याने हे आधीच, अगदी पहिल्या वाक्यात सांगायला हवं. बहुधा ते सांगितलं जात नाही, आणि चांगला उपाय विनाकारण बदनाम होतो.

वापरायची रीतही गोळ्यांसारखी नाही. शिफारस केलेलं प्रमाण दर चौरस मीटरला तीन लाख सूत्रकृमी, म्हणजे हेक्टरी तीनशे कोटी. ते ओलसर भुकटीच्या रूपात पाकिटात येतात, पाकीट थंड जागी ठेवावं लागतं आणि काही आठवड्यांत वापरून संपवावं लागतं. पाण्यात कालवल्यावर ते तळाशी बसतात, त्यामुळे फवारणी संपेपर्यंत द्रावण ढवळत राहावं लागतं. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर ती काढून ठेवावी लागते, नाहीतर सूत्रकृमी जाळीतच अडकतात आणि जमिनीवर नुसतं पाणी पडतं. ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारक असतो, म्हणून फवारणी संध्याकाळी, ओल्या जमिनीवर. मातीचं तापमान ५ अंश सेल्सियसच्या वर असावं लागतं. उष्णता फार झाली तरी ते निकामी होतात, कारण हा मुळात थंड, ओल्या हवेतला प्राणी. हे सगळं जमलं तर साधारण सहा आठवडे संरक्षण मिळतं.

आणि सगळ्याच गोगलगायी त्याला बळी पडत नाहीत. पिकांत सर्वाधिक उच्छाद मांडणारी करड्या रंगाची लहान गोगलगाय, डेरोसेरास रेटिक्युलॅटम, त्याचं मुख्य सावज आहे. एरियन कुळातल्या मोठ्या गोगलगायींची पिल्लं सापडतात, पण त्याच गोगलगायी पूर्ण वाढल्या की बचावतात. भाजीपाल्यासारख्या, एकरी चांगलं उत्पन्न देणाऱ्या पिकांत हा खर्च परवडतो. गव्हाच्या विस्तीर्ण शेतात नाही.

खर्चाचा मुद्दा निघालाच आहे तर त्याचा निकाल लावू. सूत्रकृमी महाग आणि गोळ्या स्वस्त, हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की ते कोणी तपासतच नाही. गोळ्या स्वस्त होत्या कारण त्यांचा बराचसा खर्च दुसरंच कोणीतरी भरत होतं. ओढ्यात उतरलेलं मेटाल्डिहाइड पिण्याच्या पाण्यातून काढायचा खर्च पाणी पिणाऱ्यांच्या बिलात जात होता. गोळी खाऊन मेलेल्या कुत्र्याचा खर्च त्याच्या मालकाचा. आणि निसर्गाच्या साखळीत गोगलगायी खाणारे जे पक्षी, साळूसारखे काटेरी प्राणी आणि भुंगेरे होते, त्यांच्या जाण्याचा हिशोब तर कोणीच ठेवला नाही. पाकिटावरची किंमत ही एका उपायाची पूर्ण किंमत आणि दुसऱ्याची अर्धीमुर्धी. अशी तुलना करून जैविक उपायाला महाग ठरवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

इथवर वाचणाऱ्याला वाटेल की मग अडचण कुठे आहे, आणा आणि वापरा. अडचण समजण्यासाठी प्रशांत महासागरातल्या बेटांवर जावं लागतं.

लिसाशॅटिना फुलिका ही आफ्रिकी शंखी गोगलगाय माणसाच्या हातून जगाच्या उष्ण पट्ट्यात पसरली. हवाईत तिने धुमाकूळ घातला तेव्हा १९५५ मध्ये तिच्यावर उतारा म्हणून फ्लोरिडातून युग्लँडिना रोझिया नावाची शिकारी गोगलगाय आणून सोडण्यात आली. ही दुसऱ्या गोगलगायींचा चिकट माग काढत जाते आणि त्यांना खाते. कल्पना ऐकायला उत्तम होती: विष नको, फवारणी नको, निसर्गच निसर्गाला आवरेल. पुढे ताहितीत १९७४ मध्ये आणि शेजारच्या मूरेया बेटावर १९७७ मध्ये तिला सोडलं.

मूरेयावर पार्टुला वंशाच्या सात जातींच्या छोट्या गोगलगायी होत्या. झाडांवर राहणाऱ्या, पिकांच्या वाटेला न जाणाऱ्या, आणि त्या बेटाखेरीज कुठेच नसणाऱ्या. जाती नव्या कशा होतात हे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा अभ्यास करत आले होते. युग्लँडिनाला मोठी शंखी गोगलगाय आटोक्यात आणता आली नाही. तिने या छोट्यांना खाल्लं. दहा वर्षांच्या आत मूरेयाच्या रानात सातपैकी एकही जात शोधून सापडेना. ज्या थोड्या वाचल्या त्या प्राणिसंग्रहालयांत, काचेच्या डब्यांत. तिथे वाढवलेल्या पार्टुला पुन्हा बेटांवर नेऊन सोडण्याचं काम २०१५ पासून सुरू आहे.

ही कोणा लोभी कारखानदाराची कहाणी नाही, म्हणून ती मला जास्त अस्वस्थ करते. जैविक नियंत्रणावर विश्वास असलेल्या सरकारी खात्यांनी, चांगल्या हेतूने, हे पाऊल उचललं. त्यांच्याकडे परवाना होता, योजना होती. आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता आणि तो विचारला गेला नाही: ही गोगलगाय आपल्याला नको असलेल्या गोगलगायीशिवाय आणखी कोणाकोणाला खाईल?

सूत्रकृमींच्या समर्थकांचं यावर उत्तर तयार असतं, आणि ते चुकीचं नाही. ते म्हणतात, युग्लँडिना सरसकट शिकार करणारी होती, आमचा सूत्रकृमी तसा नाही. तो गांडुळांना इजा करत नाही. माणसाला आणि जनावरांना तो संसर्ग करत नाही. तीस वर्षं तो युरोपच्या शेतांत आणि बागांत फवारला जातो आहे आणि त्यामुळे एखादी गोगलगाय नामशेष झाल्याचं उदाहरण नाही. हे सगळं मला मान्य आहे. या सूत्रकृमीची युग्लँडिनाशी बरोबरी करून त्याला बंदी घाला म्हणणारे लोक अन्याय करतात, आणि त्या अन्यायाचा फायदा शेवटी विषाच्या गोळ्यांना होतो.

पण ही तीस वर्षांची साक्ष नीट वाचली पाहिजे. हा सूत्रकृमी युरोपचाच आहे. तिथल्या मातीत तो फवारणीच्या आधीही होता आणि तिथल्या गोगलगायी, उपद्रवी आणि निरुपद्रवी दोन्ही, त्याच्यासोबत हजारो वर्षं राहत आल्या आहेत. फवारणीने त्याची संख्या काही आठवडे वाढते, एवढंच. म्हणजे युरोपातला निर्धोकपणाचा पुरावा हा स्थानिक जीव स्थानिक मातीत वाढवल्याचा पुरावा आहे. तोच पुरावा घेऊन हा सूत्रकृमी त्याला कधीच न भेटलेल्या गोगलगायींच्या प्रदेशात नेणं म्हणजे एका परीक्षेचं प्रमाणपत्र दुसऱ्या परीक्षेत दाखवणं.

युरोपातही प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी सगळं आलबेल असल्याचं सांगितलेलं नाही. गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायींवर त्याचा परिणाम झालेला दिसला आहे. शिवाय तो पक्का परोपजीवी नाही. गोगलगाय मिळाली नाही तर सडत्या पानांवर, गोगलगायीच्या विष्ठेवरही तो वाढू शकतो. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते. शेतकऱ्याला ती बरी, कारण जीव मातीत टिकतो. पण नव्या प्रदेशात चूक झाली तर ती परत घेता येणार नाही, याचंही कारण तेच. रसायनाची फवारणी थांबवली की ते कालांतराने विरतं. सूत्रकृमी रुजला की तो वाढतो.

त्याच्यासोबत येणाऱ्या जीवाणूंचाही विचार करावा लागतो. कारखान्यात हा सूत्रकृमी मोराक्सेला ऑस्लोएन्सिस या जीवाणूवर पोसला जातो. गोगलगाय मरते ती या जीवाणूमुळे की सूत्रकृमीमुळे, यावर संशोधकांत मतभेद आहेत. कीटकांवरच्या सूत्रकृमींचं तसं नसतं, त्यांच्या पोटात ठरलेला एक जीवाणू असतो आणि मारण्याचं काम तो करतो. इथे हे नातं सैल आहे. म्हणजे नव्या मातीत हा सूत्रकृमी कोणत्या जीवाणूंची संगत धरेल हे कारखान्यातल्या टाकीवरून ठरत नाही.

अमेरिकेने इथे धरलेली सावधगिरी मला योग्य वाटते. युरोपात हे उत्पादन खुलेपणाने विकलं जात असताना तिथे त्याला बाजारात येऊ दिलं गेलं नाही, कारण हा सूत्रकृमी त्या देशात असल्याची नोंद नव्हती. बागकाम करणारे आणि रोपवाटिकावाले त्यामुळे वैतागले. पण त्या अडवणुकीतून एक चांगली गोष्ट घडली: संशोधक आपल्याच मातीत शोधू लागले. कॅलिफोर्नियातल्या रोपवाटिकांमधून आणि बागांमधून गोगलगायी गोळा करून त्या तपासल्या गेल्या आणि २०१४ मध्ये हाच हर्माफ्रोडिटा तिथे सापडल्याचं प्रसिद्ध झालं. त्याच कुळातल्या आणखी जातीही मिळाल्या. त्यांतल्या एकीला कॅलिफोर्निका असं नाव मिळालं. पुढे तीच जात युरोपातही असल्याचं दिसलं आणि आता युरोपात विकल्या जाणाऱ्या उत्पादनाच्या नव्या रूपात तीच वापरली जाते.

इथे एक गुंता आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियात ज्या गोगलगायींत हे सूत्रकृमी सापडले त्या बहुतेक स्वतःच युरोपातून आलेल्या. त्यामुळे सूत्रकृमीही त्यांच्याच अंगातून, कुंड्यांच्या मातीतून आले असणं अगदी शक्य आहे. मग त्यांना स्थानिक म्हणायचं का? माझ्या मते कुळाचा इतिहास इथे दुय्यम ठरतो. जो जीव आधीच रुजला आहे आणि तिथल्या गोगलगायींसोबत राहतो आहे, त्याची संख्या शेतापुरती वाढवणं आणि जो अजून पोचलाच नाही त्याला विमानाने आणणं, या दोन वेगळ्या जोखमी आहेत. पहिलीत काय घडतं हे बाहेर जाऊन, रानात पाहता येतं. दुसरीत फक्त अंदाज असतो.

शोधलं तर सापडतं, हेही आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. न्यूझीलंड, चिली, इजिप्त, नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, केनिया अशा एकमेकांपासून फार वेगळ्या हवामानाच्या देशांत या कुळाचे सूत्रकृमी मिळाले आहेत. आफ्रिकेत तर आधी माहीतच नसलेल्या जाती हाती आल्या. यासाठी प्रचंड यंत्रणा लागते असंही नाही. गोगलगायी गोळा करायच्या, त्या कोणत्या जातीच्या हे नोंदवायचं, मेलेली गोगलगाय ओलसर कागदावर ठेवून तो कागद पाण्याच्या उथळ ताटलीत ठेवायचा. सूत्रकृमी असतील तर काही दिवसांत ते मृतदेहातून निघून पाण्यात उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतात. त्यानंतरचं काम मात्र कसबी हातांचं आहे: ओळख पटवणं, डीएनए तपासणं, कोणता वाण किती लवकर मारतो हे पाहणं, आणि मग तो कोणाला मारत नाही याची खात्री करणं.

ही शेवटची पायरीच सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित. तिचा खर्च कंपनीने का करावा? कंपनीला जो वाण सापडेल तो विकायचा असतो, जो सापडणार नाही त्याचा तिला उपयोग नसतो, आणि पिकांशी संबंध नसलेल्या रानगोगलगायींवर चाचणी करून तिला काहीच मिळत नाही. म्हणून १९९४ पासून पुढे कित्येक वर्षं अख्खा उद्योग प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या एकाच वाणावर चालला, याचं आश्चर्य वाटू नये. रानात सापडणाऱ्या वाणांची मारकशक्ती वेगवेगळी असते, त्यांत याहून सरस वाण असू शकतात, हे संशोधकांनी दाखवलं. पण शोधायला जायचं कारण बाजाराने दिलं नव्हतं. ते कारण सरकारने द्यायचं असतं. मातीतल्या जिवांची यादी करणं हे नकाशे करण्याइतकंच सार्वजनिक काम आहे. ते झालं की उत्पादन कोणीही करावं, कंपनीने, सहकारी संस्थेने किंवा विद्यापीठाने.

कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. युरोपीय महासंघाच्या कीडनाशक कायद्यात रसायनं येतात, जीवाणू-विषाणू-बुरशी येतात, पण सूत्रकृमी येत नाहीत. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा जीव कायद्याच्या लेखी ‘मोठा’ ठरतो आणि त्याचा निर्णय प्रत्येक सदस्य देशावर सोडला जातो. अमेरिकेतही कीडनाशक म्हणून त्याची नोंदणी करावी लागत नाही. तिथे त्याला अडवलं ते वनस्पती-संरक्षणाच्या वेगळ्या परवान्याने. या सवलतीमागचा हेतू चांगला होता. रसायनासाठी केलेल्या महागड्या चाचण्या जिवंत मित्रकीटकांवर लादल्या तर एकही मित्रकीटक बाजारात येणार नाही, हे खरंच आहे. ती सवलत काढून घ्या असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी एक छोटी, ठरावीक आणि सक्तीची चाचणी असावी: ज्या प्रदेशात विकायचं तिथल्या ठरावीक निरुपद्रवी गोगलगायींवर, जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या, याचा काय परिणाम होतो? निकाल कोणालाही वाचता येईल असा जाहीर व्हावा. स्थानिक वाणासाठी ही चाचणी सरकारने करून द्यावी. परका वाण आणू पाहणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करावी, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावं.

हा सगळा खटाटोप गोगलगायींसाठी कशाला, असं विचारणारे भेटतातच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीत इसवी सन १५०० नंतर नामशेष झालेल्या प्राण्यांच्या ६९३ जातींची नोंद होती. त्यांपैकी २९१ मृदुकाय होत्या, आणि त्या २९१ मधल्या २६० गोगलगायींच्या वर्गातल्या. पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या ऱ्हासाबद्दल आपण इतकं ऐकतो, पण यादीत सर्वांत मोठी रांग यांची आहे. शेतात येणाऱ्या जाती मूठभर. बाकीच्या पालापाचोळा खातात, कॅल्शियमचं चक्र चालवतात, पक्ष्यांच्या अंड्यांच्या कवचाला चुना पुरवतात. त्यांची बाजू घेणारं कोणी नाही म्हणून ती मी इथे घेतो आहे.

परका वाण आणण्याच्या घाईचा एक व्यावहारिक तोटाही आहे. उष्ण प्रदेशांत ज्या शंखी गोगलगायीने शेतकऱ्याला जेरीस आणलं आहे, त्या लिसाशॅटिनावर हा युरोपीय सूत्रकृमी चालतच नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ती संसर्गातून वाचली. वाचली कशी हे पाहण्यासारखं आहे: अंगात शिरलेले सूत्रकृमी तिने आपल्या शंखाच्या आतल्या बाजूला चिकटवून, त्यांच्यावर शंखाचा थर चढवून बंद करून टाकले. म्हणजे ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांनी हे पाकीट विकत घेतलं तर पैसेही वाया आणि जोखीमही डोक्यावर. उष्णतेत तगणारा आणि या गोगलगायीचं कवच भेदणारा सूत्रकृमी असलाच तर तो उष्ण प्रदेशातल्या मातीतच सापडणार. तोवर हाताने वेचणं, अंडी शोधून नष्ट करणं आणि शेताभोवतीचे ओलसर आडोसे काढणं याला दुसरा पर्याय नाही, आणि तसं स्पष्ट सांगणं हे सल्लागाराचं काम आहे.

एका घरगुती प्रकाराबद्दल सावध करायला हवं, कारण स्थानिक सूत्रकृमी म्हटलं की लोक तिकडे वळतात. बागेतल्या गोगलगायी बादलीत गोळा करायच्या, पालापाचोळा आणि थोडं पाणी घालून झाकून ठेवायच्या, त्या मेल्या आणि सडल्या की ते पाणी वाफ्यांत ओतायचं. तर्क असा की एखादी तरी आजारी असेल आणि तिच्यातले सूत्रकृमी सगळीकडे पसरतील. पण त्या बादलीत नेमकं काय वाढतं आहे हे ओतणाऱ्याला कळत नाही. गोगलगायींत अँजिओस्ट्राँगिलस कँटोनेन्सिस हाही सूत्रकृमी असू शकतो. तो उंदरांच्या फुफ्फुसात वाढतो, गोगलगायीतून माणसात आला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. असं पाणी पालेभाजीवर ओतणं धोक्याचं आहे. स्थानिक सूत्रकृमी शोधायचा तो ओळख पटवून, एकट्याला वेगळा वाढवून. बादलीचा प्रयोग त्याच्या जवळपासही जात नाही.

राहिला प्रश्न पाकिटावर काय छापायचं याचा. आज तिथे प्रमाण, तापमान आणि साठवणुकीच्या सूचना असतात. त्यांच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी सक्तीने याव्यात: हा वाण कोणत्या देशात आणि कोणत्या गोगलगायीत सापडला, कोणत्या उपद्रवी जातींवर तो चालत नाही, आणि कोणत्या निरुपद्रवी जातींवर त्याची चाचणी झाली आहे. ज्या वाणाबद्दल या तीन ओळी भरता येत नाहीत, तो अजून विकायच्या अवस्थेत आलेला नाही.